घटक ४ : आगामी चित्रपटाची झलक – पहिली छाप आणि तिचे लेखन

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपणास चित्रपटाचा ट्रेलर ही एक स्वतंत्र संहिता म्हणून वाचता येईल. ट्रेलरमध्ये प्रत्यक्ष जे दिसले, त्यावरून आपण जे अनुमान केले आणि आपल्याला जे हवे होते, या तिहींतील भेद दाखवता येईल. तसेच अडीचशे ते तीनशे शब्दांत ‘पहिली छाप’ या प्रकारचे लेखन करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो, आतापर्यंतच्या घटकांत आपण ग्रंथपरीक्षण आणि नाट्यपरीक्षण यांचा परिचय करून घेतला. त्या दोन्ही प्रकारांत एक गोष्ट गृहीत धरलेली होती. परीक्षण लिहिणाऱ्याने ती कलाकृती पूर्ण वाचलेली किंवा पाहिलेली असते. या घटकात मात्र परिस्थिती उलट आहे. कलाकृती अद्याप आपल्यासमोर आलेली नाही. समोर आहे ती दोन-तीन मिनिटांची झलक, आणि तेवढ्यावरून आपल्याला काही म्हणावयाचे आहे.

असे लेखन उथळ असते, त्यावर पाठ्यक्रमात वेळ का घालवावा, असा प्रश्न आपल्या मनात येऊ शकेल. तो रास्त आहे. परंतु आपला स्वतःचा व्यवहार आठवून पाहा. आपल्यापैकी बहुतेक जण नोकरी, शेती, दुकान किंवा घरसंसार सांभाळून शिकत आहेत. महिन्यातून एखादी संध्याकाळ मोकळी मिळते. कन्नडहून किंवा सिल्लोडहून चार माणसांचे कुटुंब चित्रपट पाहण्यासाठी शहरात यावयाचे, तर प्रवास, तिकिटे आणि मुलांचे खाणे मिळून होणारा खर्च लहान नसतो. हा खर्च करावयाचा की नाही, याचा निर्णय आपण परीक्षणे वाचून क्वचितच घेतो. तो घेतला जातो भ्रमणध्वनीच्या पडद्यावर पाहिलेल्या ट्रेलरवरून. म्हणजेच ज्या संहितेवर आपण सर्वाधिक विसंबतो, तीच वाचावयास आपल्याला कोणी शिकवलेले नसते.

४.२ प्ररोचना आणि उंबरठा

‘ट्रेलर’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘मागून येणारा’ असा आहे. आरंभीच्या काळात ही झलक मुख्य चित्रपट संपल्यावर दाखवली जाई. पुढे ती चित्रपटाच्या आधी आली, पण नाव तेच राहिले. अमेरिकेत अशी पहिली झलक १९१३ साली दाखवली गेली असे मानले जाते, आणि ती एका संगीतिकेची होती. त्याच वर्षी ३ मे रोजी मुंबईत गिरगावच्या कोरोनेशन चित्रपटगृहात दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. फाळक्यांच्या जाहिरातीची एक हकीकत चित्रपट-इतिहासात नेहमी सांगितली जाते. त्या जाहिरातीत कथा नव्हती की नटाचे नाव नव्हते. हजारो छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र आणि हे सर्व केवळ तीन आण्यांत, असा तिचा रोख होता. ज्या प्रेक्षकाला चित्रपट म्हणजे काय हेच ठाऊक नाही, त्याला कथा सांगून उपयोग नाही, हे फाळक्यांनी ओळखले होते. पुढे कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी भित्तिपत्रकालाच कलेचा दर्जा दिला. त्यांच्या ‘कल्याण खजिना’ (१९२४) या चित्रपटाचे भित्तिपत्रक आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय भित्तिपत्रकांपैकी एक समजले जाते.

तथापि प्रयोगाआधी प्रेक्षकाचे मन वळवण्याची कल्पना चित्रपटाहून फार जुनी आहे. संस्कृत नाट्यशास्त्रात तिला ‘प्ररोचना’ अशी नेमकी संज्ञा आहे. कवीची, नाटकाची आणि खुद्द प्रेक्षकांचीही प्रशंसा करून त्यांना प्रयोगाकडे उन्मुख करणे, हे प्ररोचनेचे काम होय. ‘मालविकाग्निमित्रा’च्या प्रस्तावनेत भासासारखे नामवंत कवी असताना नव्या कालिदासाचे नाटक का करावयाचे, असा प्रश्न साहाय्यकाने विचारावा आणि सूत्रधाराने त्याचे निरसन करावे, ही प्ररोचनाच आहे. आजच्या ट्रेलरमध्ये दिग्दर्शकाच्या आधीच्या यशस्वी चित्रपटाचे नाव मोठ्या अक्षरांत झळकते, ते याच जातीचे.

‘शाकुंतला’ची प्रस्तावना तर आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष मोलाची आहे. सूत्रधाराच्या सांगण्यावरून नटी ग्रीष्म ऋतूचे गीत गाते. ते इतके रंगते की, आपण कोणते नाटक करणार आहोत हेच सूत्रधार विसरतो आणि नटीला त्याची आठवण करून द्यावी लागते. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ (१८८०) आपण नाट्यविषयक पाठ्यक्रमात अभ्यासले असेल. मूळ संस्कृत नाटकाची प्रस्तावनाही एकदा अवश्य वाचा. नटीचे ते गीत दुष्यंत-शकुंतलेच्या कथेचा भाग नाही. कथा सुरू होते, तेव्हा ते संपलेले असते. त्याचे काम एवढेच की प्रेक्षागृह एकाग्र व्हावे. हा मुद्दा लक्षात ठेवा. पुढील विभागात त्याची गरज पडणार आहे.

फ्रेंच समीक्षक जेरार्ड जेनेट यांनी ग्रंथाचे शीर्षक, मुखपृष्ठ, प्रस्तावना, मलपृष्ठावरील मजकूर अशा सर्व गोष्टींचा एकत्र विचार केला आणि आपल्या १९८७ च्या ग्रंथाला ‘उंबरठे’ या अर्थाचे नाव दिले. उंबरठा घराबाहेरचा नसतो आणि पुरता घरातलाही नसतो. ट्रेलरचे स्थान हेच आहे. त्यातील दृश्ये चित्रपटाचीच असतात, पण त्यांचा क्रम, त्यांवरचे संगीत आणि त्यांतून निघणारा अर्थ चित्रपटाचा असेलच असे नाही. उंबरठ्यावर उभे राहून घराचा अंदाज बांधता येतो. घरात राहून आल्यासारखे बोलता मात्र येत नाही.

४.३ एक तक्रार आणि तिचा प्रवास

आता एका खऱ्या प्रकरणाकडे वळू. ते आपल्याच शहरातले आहे.

१५ एप्रिल २०१६ रोजी यशराज फिल्म्सचा ‘फॅन’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. मनीष शर्मा यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात शाहरुख खान यांची दुहेरी भूमिका होती. एक प्रसिद्ध नट आणि त्याच्यासारखाच दिसणारा त्याचा निस्सीम चाहता. प्रदर्शनापूर्वी सुमारे दोन महिने ‘जबरा फॅन’ हे गाणे प्रसृत करण्यात आले. ते अनेक भाषांत आले आणि मराठी आवृत्ती अवधूत गुप्ते यांच्या आवाजात होती. दूरचित्रवाणीवर ते सारखे दिसे आणि लहान मुलांच्या तोंडी बसले होते.

त्या वेळच्या औरंगाबादेतील, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरातील, एका शिक्षिकेने हे गाणे असलेली झलक पाहून कुटुंबासह चित्रपट पाहावयाचे ठरवले. मुलांना गाणे फार आवडले होते. चित्रपट सुरू झाला आणि संपला. त्यात गाणे नव्हते. मुले इतकी हिरमुसली की त्या रात्री जेवली नाहीत, असेही पुढे तक्रारीत मांडले गेले. या शिक्षिकेने जिल्हा ग्राहक मंचाकडे दाद मागितली. मंचाने तक्रार फेटाळली. राज्य आयोगाने मात्र २०१७ साली ती मान्य करून नुकसानभरपाईचे १०,००० रुपये आणि खर्चाचे ५,००० रुपये देण्याचा आदेश निर्मात्यांना दिला. निर्माते राष्ट्रीय आयोगाकडे गेले. तेथेही २०२० मध्ये निर्णय प्रेक्षकाच्या बाजूने लागला. प्रसिद्धीत गाणे दाखवून चित्रपटातून ते वगळणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय, असे मत तेथे पडले. मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २२ एप्रिल २०२४ रोजी न्यायमूर्ती पी. एस. नरसिंह आणि न्यायमूर्ती अरविंद कुमार यांच्या खंडपीठाने आधीचे दोन्ही आदेश रद्द केले.

हा निवाडा मराठीच्या विद्यार्थ्याने का अभ्यासावा? कारण त्यात ‘ट्रेलर म्हणजे कोणत्या प्रकारचे विधान?’ या प्रश्नाचे उत्तर शोधले गेले आहे, आणि हा प्रश्न मुळात भाषेचा आहे. न्यायालयाचा युक्तिवाद थोडक्यात असा : करार होण्यासाठी एका पक्षाचा प्रस्ताव आणि दुसऱ्याची स्वीकृती लागते. ट्रेलर हे एकतर्फी विधान आहे. ते प्रेक्षकाला तिकीट घेण्यास प्रवृत्त करते, परंतु तो प्रस्ताव नव्हे आणि वचनही नव्हे. प्रेक्षक पैसे मोजतो ते चित्रपट पाहू दिला जाण्यासाठी. ती सेवा त्याला मिळाली. ट्रेलरमधील गाणे, संवाद किंवा दृश्य हे चित्रपटात काय आहे याची माहिती देण्यासाठीच असते असे नाही. चित्रपटाविषयी चर्चा निर्माण करणे हाही त्याचा हेतू असू शकतो. शिवाय कला हीच जेथे सेवा आहे, तेथे ती देणाऱ्याला काही स्वातंत्र्य असणारच.

आपण नुकतीच पाहिलेली ‘शाकुंतला’ची प्रस्तावना येथे आठवावी. नटीचे गीत कथेत पुन्हा का आले नाही, अशी तक्रार कोणी प्रेक्षक करीत नाही. ते प्ररोचनेचे गीत आहे हे सर्वांना ठाऊक असते. ‘जबरा फॅन’ हेही निर्मात्यांच्या दृष्टीने तसेच गीत होते. ते केवळ प्रसिद्धीसाठी आहे असे आम्ही वृत्तपत्रांतून सांगितलेही होते, असा त्यांचा बचाव होता.

मग ती शिक्षिका चुकली काय? प्रस्तुत लेखकाला तसे वाटत नाही. कायद्याच्या कसोटीवर सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय योग्य वाटतो. अन्यथा ट्रेलरमधले प्रत्येक दृश्य चित्रपटात आहे की नाही, हे मोजत बसावे लागेल. पण प्रेक्षक म्हणून तिने केलेले वाचन अडाणी नव्हते. हिंदी चित्रपटांच्या प्रेक्षकाला पिढ्यान्‌पिढ्या एक संकेत शिकवला गेला आहे. प्रसिद्धीत जे गाणे वाजते, ते पडद्यावर येते. या संकेतावर विसंबून तिने अनुमान केले. जर्मन समीक्षक हान्स रॉबर्ट याउस ज्याला ‘अपेक्षांचे क्षितिज’ म्हणतात, ते हेच. वाचक कोरी पाटी घेऊन कलाकृतीपाशी येत नाही. त्या प्रकारच्या आधीच्या कृतींनी त्याच्या मनात क्षितिज आखलेले असते. ‘संगीत शाकुंतला’च्या प्रेक्षकाला प्रस्तावनेचा संकेत माहीत होता. ‘फॅन’च्या प्रेक्षकासाठी संकेत बदलला होता, आणि तो बदलल्याचे एखाद्या मुलाखतीत सांगणे म्हणजे घराघरांत पोहोचवणे नव्हे. निवाडा निर्मात्यांच्या बाजूने लागला तरी हा मुद्दा शिल्लक राहतो असे आमचे मत आहे. आपले मत वेगळे असल्यास संमंत्रण सत्रात अवश्य मांडावे.

जाता जाता आणखी एक गोष्ट. ‘फॅन’नंतर दोनच आठवड्यांनी, २९ एप्रिल २०१६ रोजी, नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ प्रदर्शित झाला. अजय-अतुल यांच्या गाण्यांनी महाराष्ट्र नाचवला होता आणि ती सर्व गाणी चित्रपटात होती. तरीही त्या गाण्यांवरून ज्यांनी चित्रपटाचा अंदाज बांधला, त्यांना शेवटच्या प्रसंगाने सुन्न केले. ‘फॅन’च्या झलकीतले गाणे चित्रपटात सापडले नाही. ‘सैराट’च्या गाण्यांत मात्र चित्रपटाचा शेवट सापडला नाही. पहिल्यावरून वाद न्यायालयात गेला, दुसऱ्याबद्दल प्रेक्षकांनी कृतज्ञता व्यक्त केली. वगळणे हे प्रत्येक वेळी फसवणे नसते, हे यावरून दिसेल. काय वगळले आणि कशासाठी, हे पाहावे लागते.

४.४ तीन रकाने

पहिली छाप लिहिताना सर्वांत मोठी चूक होते ती तीन गोष्टींची सरमिसळ केल्यामुळे. म्हणून लेखनाआधी वहीच्या पानावर तीन रकाने आखावेत : ‘दिसले-ऐकू आले’, ‘वाटले’ आणि ‘हवे होते’. ट्रेलर एकदा सलग पाहावा. दुसऱ्यांदा डोळे मिटून केवळ ऐकावा. तिसऱ्यांदा आवाज बंद करून पाहावा. ही युक्ती साधी आहे, पण तिचा परिणाम पाहून आपण चकित व्हाल. डोळे मिटले की, ज्या प्रसंगाने अंगावर काटा आला असे वाटत होते, तो काटा ढोलांच्या आवाजाने आणला होता हे कळते. आवाज बंद केला की, सलग वाटलेला संवाद तीन वेगवेगळ्या ठिकाणी, तीन वेगवेगळ्या वेषांत बोलला गेला आहे, म्हणजे तो चित्रपटात एकत्र नसावा, हे ध्यानात येते.

‘फॅन’च्या प्रकरणाला ही पद्धत लावून पाहा. पहिल्या रकान्यात येईल : गाणे आहे, गाणारा चाहता आहे. दुसऱ्यात : हे गाणे चित्रपटात असणार. तिसऱ्यात : मुलांना ते मोठ्या पडद्यावर पाहावयाचे आहे. तक्रारीत हे तिन्ही रकाने एक झाले होते. तसे ते आपल्या सर्वांचेच होतात. फरक इतकाच की, लिहिणाऱ्याने ते पुन्हा वेगळे करावयाचे असतात.

४.५ दुसरे उदाहरण : ‘छावा’

ज्या शहराला छत्रपती संभाजी महाराजांचे नाव दिलेले आहे, तेथे ‘छावा’ चित्रपटाचा ट्रेलर निव्वळ करमणूक म्हणून पाहिला जाणे शक्य नव्हते. शिवाजी सावंत यांच्या याच नावाच्या कादंबरीवर आधारित, लक्ष्मण उतेकर दिग्दर्शित या हिंदी चित्रपटाचा ट्रेलर २२ जानेवारी २०२५ रोजी आला. त्यात विकी कौशल यांनी साकारलेले संभाजी महाराज महाराणी येसूबाईंसह लेझीमच्या तालावर नृत्य करताना क्षणभर दिसत होते. ते क्षण गाजले. संभाजीराजे छत्रपती यांच्यासह अनेकांनी आक्षेप नोंदवला. प्रदर्शनाआधी चित्रपट इतिहासाच्या जाणकारांना दाखवावा, अशी मागणी मंत्री उदय सामंत यांनी केली. राज ठाकरे यांची भेट घेतल्यानंतर, २७ जानेवारी रोजी, दिग्दर्शकांनी तो भाग वगळण्याचे जाहीर केले. १४ फेब्रुवारीला चित्रपट आला तेव्हा त्यात तो नव्हता.

दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहावीत. ‘फॅन’मध्ये झलकीत असलेले दृश्य चित्रपटात नाही म्हणून प्रेक्षक दुखावला. ‘छावा’त झलकीत असलेले दृश्य चित्रपटात राहू नये म्हणून प्रेक्षक बोलला. पहिल्या खेपेस पहिल्या छापेला न्यायालयात किंमत मिळाली नाही. दुसऱ्या खेपेस तिने चित्रपटाचे संकलनच बदलले, आणि तेही पाच दिवसांत. म्हणून पहिली छाप ही निरुपद्रवी गोष्ट आहे असे मानू नये.

येथे लेखकाची जबाबदारी कोठे येते? आक्षेप योग्य की अयोग्य, हा स्वतंत्र वादाचा विषय आहे आणि त्यात श्रद्धा, इतिहास आणि कलास्वातंत्र्य हे तिन्ही येतात. आपल्या दृष्टीने प्रश्न असा की, ते नृत्य कथेत कोणत्या प्रसंगी येणार होते, किती वेळ चालणार होते, त्यामागे कोणता भाव होता, हे ट्रेलरवरून कळत होते काय? नव्हते. लेझीम दिसली, हे पहिल्या रकान्यातले विधान. महाराजांची प्रतिमा उणावली, हे दुसऱ्या रकान्यातले. राजाच्या आनंदाचे चित्रण असेच असावे किंवा असूच नये, हे तिसऱ्यातले. त्या आठवड्यातील समर्थनाच्या आणि विरोधाच्या लेखनात पुष्कळदा दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यांतील विधाने पहिल्या रकान्यातील असल्याच्या थाटात केली गेली. आक्षेप घेणाऱ्याला आक्षेप घेण्याचा हक्क आहेच. त्याने ‘मला असे वाटते’ एवढे तीन शब्द आधी जोडले, तर वाचकाला त्याचे म्हणणे तपासता येते.

४.६ लेखन करताना

स्वाध्याय तपासताना वारंवार आढळणारी काही वाक्ये येथे नमुन्यादाखल विचारात घेऊ. ‘अक्षय खन्ना यांनी औरंगजेबाची दमदार भूमिका केली आहे.’ हे वाक्य चित्रपट पाहिल्यानंतरचे आहे. ट्रेलरवरून ते लिहिता येत नाही. त्याऐवजी ‘रंगभूषेमुळे अक्षय खन्ना प्रथमदर्शनी ओळखू येत नाहीत, आवाज मात्र ओळखीचा आहे’ असे लिहिले तर ते खरे आहे, नेमके आहे आणि वाचकाला काही दाखवते. ‘भव्यदिव्य’, ‘अंगावर शहारे आणणारा’, ‘मनाचा ठाव घेणारा’ ही विशेषणे शक्यतो टाळावीत. ती कोणत्याही ट्रेलरला लागू पडतात, आणि जे सर्वांना लागू पडते ते कोणाविषयीच काही सांगत नाही. ‘हा चित्रपट चालणार’ किंवा ‘पडणार’ असे भाकीत करण्याचे तर कारणच नाही. ते काम व्यापाराचे आहे.

क्रियापदांच्या रूपांकडे लक्ष द्यावे. मराठीत अनुमानासाठी समृद्ध सोय आहे : ‘असावा’, ‘दिसतो’, ‘भासतो’, ‘सूचित होते’. ‘नायक शेतकरी आहे’ आणि ‘नायक शेतकरी असावा’ यांत एका क्रियापदाचा फरक आहे, पण प्रामाणिकपणाचाही आहे. अर्थात प्रत्येक वाक्य ‘असावे’ने संपवले तर लेखन भित्रे होते. जे दिसले ते ठाम लिहावे.

प्रमाणपत्राबाबत एक सूचना. चित्रपटगृहात दाखवल्या जाणाऱ्या ट्रेलरला चित्रपट प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र लागते. केवळ इंटरनेटवर प्रसृत होणाऱ्या ट्रेलरला ते लागत नाही. म्हणून एकाच चित्रपटाच्या दोन झलकींत फरक आढळू शकतो. आपण कोणती पाहिली आणि कधी पाहिली, हे आरंभीच नोंदवावे.

शेवटी, ट्रेलरवाचून चित्रपट निवडण्याचा अनुभवही एकदा घ्यावा. आपल्या शहरात भरणारा अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव त्यासाठी सोयीचा आहे. तेथे पुष्कळशा चित्रपटांची आधी कसलीच झलक पाहिलेली नसते. पुस्तिकेतील चार ओळी आणि देशाचे नाव एवढ्यावर आसन धरावे लागते. दिवे मालवल्यावर पहिल्या पाच मिनिटांत आपले मन कसे चाचपडते, कोणत्या ओळखीच्या खुणा शोधते, हे पाहिले की एरवी ट्रेलर हे काम आपल्यासाठी किती आधीपासून करून ठेवतो, ते समजते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘प्ररोचना’ ही संज्ञा स्पष्ट करून तिचे आजच्या ट्रेलरशी असलेले साम्य आणि भेद सांगा.

२. ‘फॅन’ चित्रपटाच्या प्रकरणातील तक्रारदार प्रेक्षकाच्या अनुमानामागे कोणता संकेत होता? सर्वोच्च न्यायालयाने तो संकेत निर्णायक का मानला नाही?

३. ‘वगळणे हे प्रत्येक वेळी फसवणे नसते.’ या विधानाची चर्चा आपण पाहिलेल्या एखाद्या मराठी चित्रपटाच्या आधारे करा.

उपक्रम

येत्या महिन्यात प्रदर्शित होणाऱ्या कोणत्याही एका मराठी चित्रपटाचा ट्रेलर विभाग ४.४ मध्ये सांगितल्याप्रमाणे तीन वेळा पाहा. तीन रकाने भरा आणि तीनशे शब्दांत पहिली छाप लिहा. लिहिलेला कागद तारीख घालून पाकिटात बंद करून ठेवा. चित्रपट पाहून आल्यावर, त्याच रात्री, पाकीट उघडा आणि ‘वाटले’ या रकान्यातील किती विधाने टिकली ते लाल शाईने नोंदवा. मूळ लेखनात दुरुस्ती करू नका. दोन्ही कागद पुढील संमंत्रण सत्राला सोबत आणावेत.